मागच्या बाकावरून : आज्ञाधारक उपासकासाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी, लग्न होऊन मंडळीत आलेल्या सुनांसाठी आणि बदली होऊन रत्नागिरीला आलेल्यांसाठी. शिवाय, चाळीस वर्षं दर रविवारी हजर राहूनही ‘आता उठायचं की बसायचं’ म्हणून शेजाऱ्याकडे चोरून बघणाऱ्या सर्वांसाठी. रत्नागिरी जिल्ह्यात ख्रिस्ती माणसं शेकड्यात एकही भरत नाहीत, त्यामुळे इथे चुकायलासुद्धा गर्दी मिळत नाही. मुंबईत एखादा रविवार बुडवला तर कोणाच्या लक्षात येत नाही. इथे बुडवला तर सोमवारी सकाळी पाळकसाहेबांच्या आधी दूधवालाच विचारतो, “काल बरं नव्हतं काय?”

मंडळी लहान असली तरी तिची वंशावळ लांबलचक आहे. स्कॉटिश मिशनरी १८२३ साली बाणकोटला आले आणि पुढे हर्णैलाही त्यांनी ठाणं केलं. मुंबईच्या विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे, ते जॉन विल्सन १८२९ साली हिंदुस्थानात उतरले आणि मराठी शिकायला हर्णैलाच गेले. १८७३ पासून अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं काम खुद्द रत्नागिरीत सुरू झालं. आणि ज्यांची गाणी मराठी ख्रिस्ती माणूस पुस्तक न उघडता म्हणतो, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक १८६१ साली जन्मले ते दापोलीकडच्या करजगावात. म्हणजे तुमच्या डोक्यावर स्कॉटलंडची शिस्त, अमेरिकेच्या कमिट्या आणि कोकणी माणसाची जीभ असा तिहेरी वारसा आहे. तो एकट्यानं पेलणं अवघड, म्हणून ही मदत.

सुरुवातीलाच एक गोष्ट समजून घ्या. आज्ञापालन दोन प्रकारचं असतं. एक मागच्या बाकावरून दिसतं, दुसरं दिसत नाही. पहिल्या प्रकारात मन लावून शिकणारा चार रविवारांत तरबेज होतो. दुसऱ्याचं पुढे बघू.

लागणारं साहित्य

*पवित्र शास्त्र, नग एक.* रेक्झिनच्या कव्हरातलं, चेनवालं. आत वाळलेलं गुलाबाचं फूल, तीन लग्नांच्या उपासनेच्या पत्रिका आणि विम्याची एक पावती असावी, म्हणजे ते वापरातलं वाटतं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून साध्यासुध्या बायकांना कळेल असं मराठी शास्त्र तयार केलं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्याचे खिळे बायकांनीच जुळवले. रमाबाई १९२२ साली गेल्या आणि ग्रंथ १९२४ साली छापून पुरा झाला. एवढ्या कष्टानं हातात आलेलं पुस्तक मधूनमधून उघडायलाही हरकत नसते. फोनमधलं शास्त्रही चालतं. मात्र तुम्ही स्तोत्रसंहितेत आहात की क्रिकेटच्या धावसंख्येत, हे मागच्या आजींना तुमच्या अंगठ्याच्या वेगावरून बरोबर कळतं.

*‘उपासना संगीत’, नग एक.* गाण्याचा आकडा पुकारला की पान न शोधता थेट तिथेच उघडता आलं, तर तुम्ही मुरलेले आहात. अनुक्रमणिका चाळू लागलात तर नवखे.

*छत्री.* रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा रविवारी सकाळी नऊ ते साडेनऊच्या दरम्यान पडतो, अशी मंडळीची श्रद्धा आहे. ओली छत्री बाकाखाली ठेवू नये. तिच्यातून निघालेला ओहोळ पुढच्या बाकावरच्या काकूंच्या पर्सपर्यंत पोचतो आणि त्या दिवसाचा उपदेश त्यांच्या पुरता तिथेच संपतो.

*सुटे पैसे.* अर्पणाच्या थैलीत पाचशेची नोट टाकून चारशे परत घेता येत नाहीत. पूर्वी कोणी तसा प्रयत्न केला होता म्हणतात.

पायरी पहिली : आगमन आणि आसन

आत शिरताना ‘सलाम’ म्हणावं. जुन्या मराठी ख्रिस्ती घरांतला हाच रिवाज. समोरून ‘प्रेज द लॉर्ड’ आलं तर माणूस अलीकडच्या प्रार्थना-मेळाव्यांना जाणारा आहे, आणि ‘गुड मॉर्निंग’ आलं तर मुलं इंग्रजी शाळेत आहेत, असं समजावं. तिघांनाही हसून उत्तर द्यावं. पहिली परीक्षा इथेच असते.

मग बसणं. चर्चमध्ये कोणाचीही जागा राखीव नसते. हे तत्त्व तुम्ही डावीकडच्या तिसऱ्या बाकाच्या टोकाला टेकेपर्यंत टिकतं. तिथे कोणाचे तरी आजोबा बसायचे, नंतर वडील बसायचे, आता ते स्वतः बसतात आणि यायला उशीर झाला तरी तुमच्यासमोर नुसते उभे राहतात. काही बोलत नाहीत. तुम्हीच सरकता. नवशिक्यानं शेवटून दुसरा बाक धरावा. पहिल्या बाकावर बसणं सर्वांत धोक्याचं, कारण तिथे नक्कल करायला पुढे कोणी नसतं.

आसनाचा आणखी एक पदर आहे. सगळ्या जातींच्या माणसांना गाभाऱ्यापर्यंत जाता यावं म्हणून भागोजीशेठ कीरांनी १९३१ साली रत्नागिरीत पतितपावन मंदिर बांधलं, हे शहर अभिमानानं सांगतं. चर्चचं दार त्याही आधीपासून सर्वांना उघडं होतं, आणि प्रभुभोजनाचं मेजही सगळ्यांना एकच. तरीही मुलीसाठी स्थळ बघताना ‘मूळचे कोण ते?’ हा प्रश्न अजून विचारला जातो. आवाज खाली आणून विचारला जातो, मागच्या बाकावर जाऊ नये म्हणून. लक्ष्मीबाई टिळकांनी नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, १९०० साली बाप्तिस्मा घेतला, पण जातीचा विटाळ मनातून काढून टाकला तो त्याच्या आधीच. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ मंडळीच्या वाचनालयात बहुधा असतंच. कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली सेक्रेटरींकडे आहे.

पायरी दुसरी : उठबस

हा अभ्यासक्रमाचा सोपा भाग. गीताला उभं राहावं, शास्त्रवाचनाला बसावं, प्रार्थनेला डोळे मिटावेत, मतांगीकाराला उभं राहावं. उपदेशाला बसावं, मान किंचित कलती ठेवावी आणि दर दोन मिनिटांनी एकदा हलवावी. आशीर्वादाला उभं राहावं. ‘आमेन’ व्हायच्या आधी पर्सची चेन ओढू नये. तो आवाज वेदीपर्यंत पोचतो.

डोळे मिटण्याबाबत एक खुलासा. प्रार्थनेच्या वेळी कोणाचे डोळे उघडे होते हे मंडळीतल्या किमान दोघांना नेहमी माहीत असतं. कसं, हे विचारू नये.

कॅथलिक मित्राबरोबर पवित्र मिस्साला गेलात तर गुडघे टेकण्याची तयारी ठेवा. रत्नागिरीचे कॅथलिक २००५ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात मोडतात आणि त्यांची उठबस आपल्यापेक्षा जास्त आहे. त्यांना ती तोंडपाठ असते. आपल्याला आपली पाठ आहे असं आपण समजतो.

पायरी तिसरी : गायन

दर रविवारी चर्चच्या पायरीवर एक वाद रंगतो : पेटी-तबला की कीबोर्ड-गिटार? ज्येष्ठांच्या मते गिटार आल्यापासून भक्ती गेली. तरुणांच्या मते पेटीवर सगळी गाणी एकाच सुरात येतात. नवशिक्यानं कोणाचीही बाजू घेऊ नये. मात्र थोडा इतिहास ठाऊक असावा, म्हणजे दोन्ही बाजूंना गप्प करता येतं.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात राहून मराठीत इतका रमला की त्यानं ख्रिस्ताची कथा ओवीत लिहिली. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं. ओव्या अकरा हजारांच्या आसपास. ते देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मोठ्यानं वाचलं जायचं. पुढे टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन या सगळ्यांना ख्रिस्ती उपासनेत हक्कानं आणून बसवलं. नगरकडे कृष्णाजी रत्नाजी सांगळे टिळकांच्याही आधी ख्रिस्ती कीर्तनाला उभे राहत होते. टाळ वाजवायला सुरुवात झाली तेव्हाही कोणीतरी ‘हे काय चाललंय’ म्हणून बाहेर गेलं असणार. आज त्याच माणसाचा पणतू टाळांच्या बाजूनं गिटारशी भांडतो आहे.

गाताना आपला आवाज शेजाऱ्याच्या आवाजापेक्षा किंचित खाली ठेवावा. याला नम्रता म्हणतात. शेवटच्या कडव्यात तो किंचित वर न्यावा. याला साक्ष म्हणतात.

पायरी चौथी : उघड प्रार्थना

केव्हा तरी तुम्हांला ‘प्रार्थनेत पुढे चालवा’ असं सांगितलं जाईल. घाबरू नका. मंडळीत प्रचलित असलेले नमुने खाली दिले आहेत. त्यांपैकी एक निवडावा.

*वार्तापत्र प्रार्थना.* हिच्यात देवाला आठवड्याच्या बातम्या सांगतात. कोणाचा मोतीबिंदू झाला, कोणाचा मुलगा दुबईला गेला, मिऱ्या बंदराच्या रस्त्याचं काम कुठवर आलं. देव सर्वज्ञ असला तरी तपशील तपासून घेतलेले बरे.

*टोमणा प्रार्थना.* ‘हे प्रभू, आमच्यातल्या काही जणांना वेळेवर यायची बुद्धी दे.’ काही जण कोण, ते सगळ्यांना कळतं. त्या काही जणांनाही कळतं आणि पुढच्या बुधवारी प्रार्थना-सभेत त्यांची पाळी असते.

*फेरफटका प्रार्थना.* झाडगावपासून सुरू होते, महाराष्ट्र ओलांडते, पंतप्रधानांना आशीर्वाद देते, जेरुसलेमला जाऊन येते आणि चहा गार झाल्यावर थांबते.

चौथा नमुना प्रभूनं स्वतः शिकवला. आपल्या खोलीत जावं, दार लावावं आणि जो गुप्तपणे बघतो त्याच्याशी बोलावं. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात तो स्पष्ट दिला आहे. या नमुन्याचा सराव कमी आढळतो. त्याला ‘आमेन’ म्हणायला कोणी नसतं आणि ‘किती छान प्रार्थना केलीत’ म्हणायलाही कोणी नसतं.

पायरी पाचवी : उपदेश ऐकणे

उपदेशाची लांबी आणि मिरकरवाड्याच्या बाजारातली सुरमई यांचं नातं व्यस्त प्रमाणाचं आहे. एक वाढलं की दुसरं संपतं. पाळकसाहेबांनी ‘शेवटचा मुद्दा’ म्हटलं की नवखा माणूस सावरून बसतो. जुन्याजाणत्यांना माहीत असतं की शेवटच्या मुद्द्याला तीन उपमुद्दे असतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते. पाळकांनी आपले मोठे उपदेश त्या दोन महिन्यांत उरकून घ्यावेत, अशी या मार्गदर्शिकेची नम्र सूचना आहे.

पावसाळ्यात कौलांवर सरींचा असा मारा होतो की व्यासपीठावरचे नुसते ओठ हलताना दिसतात. त्या दिवशी मंडळी सर्वांत मन लावून ऐकते. उपासना संपल्यावर ‘आज अगदी आमच्यावरच बोललात’ असं म्हणणारे दोघंतिघं निघतातच.

उपदेश आपल्यासाठी नसून उजवीकडच्या बाकासाठी आहे, असं वाटणं ही सार्वत्रिक भावना आहे. उजवीकडच्या बाकाला त्याच वेळी तुमच्याबद्दल तेच वाटत असतं. अशा तऱ्हेनं प्रत्येक उपदेश मंडळीतल्या प्रत्येकापर्यंत पोचतो, फक्त शेजारच्या पत्त्यावर.

पायरी सहावी : अर्पण

थैली आली की मूठ मिटलेली न्यावी आणि उघडी आणावी. उजव्या हातानं काय दिलं ते डाव्याला कळू नये अशी शिकवण असली तरी शेजारच्याला साधारण अंदाज येतो.

इथे अभ्यासक्रम जरा अवघड होतो. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये, असं प्रभूनं सांगून ठेवलं आहे. यात कुठलाही ग्रीक गूढार्थ नाही. कोकणात ही आज्ञा एका रविवारी सगळ्यांनी पाळायची ठरवली तर काय होईल, ते पाहू.

थैली निघते. खजिनदार उठतात, कारण सामाईक विहिरीवरच्या पंपावरून धाकट्या भावाशी नऊ वर्षं बोलणं नाही. ते लांज्याची गाडी पकडायला एसटी स्टँडकडे निघतात. मागोमाग दुसऱ्या बाकावरच्या बाई उठतात. सासऱ्यांच्या आजारपणाचा खर्च कोणी केला, या मुद्द्यावर नणंद दुरावली आहे आणि ती मुंबईला राहते, तेव्हा मांडवी एक्स्प्रेसला जागा मिळते का बघायला हवं. तिसऱ्या बाकावरच्या काकांना लांब जायला नको, त्यांचे चुलतभाऊ चौथ्या बाकावरच बसले आहेत. मधे फक्त दोन हात अंतर, एक हललेला गडगा, सात कलमं आणि दिवाणी दावा आहे. महिला मंडळाच्या अध्यक्षा आणि उपाध्यक्षा एकाच वेळी दाराकडे निघतात. त्यांना एकमेकींकडेच जायचं असतं, पण पहिल्यांदा कोण बोलणार यावर दोघी पायरीवर थांबतात. बाहेर रिक्षा संपतात. आत पेटीवाल्या बाई तेवढ्या उरतात. त्यांचं कोणाशी वाकडं नाही. मात्र पुढच्या गाण्याचा आकडा सांगायला आता कोणी नाही.

उपासनेचा असा विचका होऊ नये म्हणून मंडळीनं व्यवहार्य तोडगा काढला आहे : अर्पण वेळेवर, समेट पुढच्या तारखेला.

पायरी सातवी : हंगामाचा सण आणि लिलाव

वर्षातून एकदा शेतात-परसात जे पिकलं ते वेदीपुढे मांडतात. भाताच्या लोंब्या, नारळाची पेंड, चिबूड, लाल भोपळा, सुपारी, घरची अंडी आणि पाय बांधलेला एक कोंबडा, जो मध्यस्थीच्या प्रार्थनेत हमखास आरवतो. उपासनेनंतर या सगळ्याचा लिलाव होतो. आज्ञाधारकपणा दाखवायची एवढी चांगली संधी वर्षात दुसरी नाही. नारळाला पन्नासापासून बोली चढत चढत पाचशेवर जाते. बोली जिंकणारे गृहस्थ तो नारळ परत दान करतात. त्याचा पुन्हा लिलाव होतो, टाळ्या पडतात, कोणीतरी फोटो काढतं.

त्याच दुपारी तेच गृहस्थ घरी जाताना बांगड्याच्या वाट्यावर वीस रुपये कमी करून घ्यायला मासेवालीशी दहा मिनिटं हुज्जत घालतात. ‘ताजे दिसत नाहीत’ असंही म्हणतात. ते ताजे आहेत हे त्यांनाही माहीत आहे आणि तिलाही. फरक इतकाच की लिलावाला मंडळी हजर होती.

पुदिना, बडीशेप आणि जिऱ्याचा दशमांश चोख देऊन न्याय आणि दया विसरणाऱ्यांना प्रभूनं चांगलंच फैलावर घेतलं होतं. आमसुलं, काजूगर आणि हापूस ही नावं त्या यादीत नाहीत, म्हणून कोकणी माणसानं सुटलो असं समजू नये. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये, असं लेवीयच्या पुस्तकात आहे. आंब्याच्या बागेत हंगामभर राखणीला राहिलेल्या नेपाळी गड्याचे पैसे वाशीच्या बाजारातून पट्टी येईपर्यंत, मग पुढची पट्टी येईपर्यंत थांबतात. त्याच बागेचा दशमांश ईस्टरच्या पाकिटात वेळेवर पडतो. पाकिटावर नाव असतं.

सोमवार ते शनिवार : प्रगत अभ्यासक्रम

इथवर आलेल्या विद्यार्थ्याला मंडळीत ‘चांगला माणूस’ म्हणू लागतात. आता उरला अभ्यासक्रमाचा दुसरा भाग. मागचा बाक इथे नसतो, त्यामुळे याला बसणारे विद्यार्थी कमी.

*पाटीची जागा.* बऱ्याच ख्रिस्ती घरांत दर्शनी खोलीत एक पाटी असते. या घराचा मालक ख्रिस्त आहे, प्रत्येक जेवणाला तो न दिसणारा पाहुणा असतो आणि प्रत्येक बोलणं तो ऐकतो, अशा अर्थाची. ती पाहुणे बसतात त्या खोलीत लावण्याचा प्रघात आहे. पाहुण्यांसमोर आपण मुळातच जपून बोलतो, त्यामुळे तिथे तिचा उपयोग शून्य. ती स्वयंपाकघरात, सुनेच्या डोळ्यांसमोर नव्हे तर सासूच्या डोळ्यांसमोर लावावी. दुसरी एक प्रत नवरेमंडळी ऑफिसचा फोन घ्यायला ज्या गॅलरीत जातात तिथे.

*जेवणाआधीची प्रार्थना.* तळलेली तुकडी गरम असेतो आटपणारी असावी. ज्यानं रांधलं त्याचे आभार देवाबरोबर माणसातही मानावेत. ही सुधारणा अनेक घरांत अजून पोचायची आहे.

*पहाटेचं वचन.* साडेपाचला मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर सूर्योदयाच्या चित्रावर छापलेलं वचन टाकणं म्हणजे ते पाळणं नव्हे. वचन पाठवून पुन्हा झोपणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्याच गटावर साडेदहाला कुठल्या तरी जमातीला शिव्या देणारा निरोप ‘आल्याप्रमाणे पुढे’ पाठवणारेही पुष्कळदा तेच असतात. शत्रूवर प्रीती करायची आज्ञा त्या सकाळच्या चित्रात नव्हती, हे खरं. पण पुस्तकात आहे.

*तराजू आणि पेटी.* रत्नागिरी आणि आसपासच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बाहेरचा आंबा रत्नागिरीच्या नावानं विकला जाऊ नये, हा हेतू. नीतिसूत्रांच्या पुस्तकात खोट्या तराजूबद्दल परमेश्वराला काय वाटतं ते लिहून ठेवलेलं आहे. ते भाष्य पेटीच्या खालच्या थरालाही लागू आहे. वरच्या थरात निवडक फळं, खाली डागी, मधे गवत, ही रचना कारागिरी म्हणून उत्तम असली तरी उपासना म्हणून जमेस धरली जात नाही. पेटीवर क्रूस छापला तरी नाही.

*कामाची जागा.* सरकारी खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी : रविवारी प्रभुभोजनाला पुढे जाणारे दोन हात आणि सोमवारी टेबलाखाली पसरणारे दोन हात हे एकाच माणसाचे असतात, अशी शरीररचना आहे.

या भागात दांडी मारणाऱ्यांना एक दिलासा. टिळकांसारखा माणूसही आयुष्याच्या शेवटी, १९१७ साली, मिशनच्या चाकोरीत मावेना म्हणून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडून बसला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा सगळ्यांनी ख्रिस्ताच्या शिष्यत्वात एकत्र यावं, अशी त्यांची कल्पना होती. कोण कुठल्या रजिस्टरात आहे याची चिंता तिथे नव्हती. दोन वर्षांनी टिळक गेले आणि दरबार फार चालला नाही. त्यांची गाणी आपण ठेवून घेतली. ती उभं राहून म्हणता येतात.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

*गणपतीत शेजारच्या घरून मोदक आले तर घ्यावेत का?*
पौलानं करिंथच्या मंडळीला यावर पानंच्या पानं लिहिली, म्हणजे हा प्रश्न त्याच्या काळीही ताटात होता. घेणाऱ्यांनी न घेणाऱ्यांना हसू नये आणि न घेणाऱ्यांनी घेणाऱ्यांना नरकात पाठवू नये. दोघांनीही शेजारणीला दारातून परत पाठवू नये. नाताळला तिच्याच डब्यातून करंज्या जायच्या असतात आणि वर्षभर तिनंच आपल्या घराची किल्ली सांभाळलेली असते.

*उत्तम शुक्रवारच्या सात उद्गारांना तीन तास बसावंच लागतं का?*
हो. पांढरे कपडे, एप्रिलचा उकाडा, सात वक्ते. प्रत्येकाला वीस मिनिटं दिलेली असतात आणि पहिलाच वक्ता पस्तीस घेतो. पाचवा उद्गार तहानेबद्दल आहे. तो येईपर्यंत मंडळीला त्याचा अर्थ आपोआप कळलेला असतो.

*झावळ्यांच्या रविवारी झावळ्या कुठून आणाव्यात?*
हा प्रश्न रत्नागिरीत विचारणाऱ्यानं एकदा वर बघावं. मिरवणूक संपल्यावर मुलांना झावळ्यांच्या तलवारी करू द्याव्यात. जेरुसलेमच्या मुलांनीही केल्या नसतील कशावरून?

*दशमांश हातात पडलेल्या पगारावर द्यायचा की एकूण पगारावर?*
हे विचारणाऱ्यानं अजून कशावरच दिलेला नसतो.

*देवाला मराठी शुद्ध लागतं का?*
स्टीफन्सचं कोकणीमिश्रित चाललं, स्कॉटिश साहेबांचं हर्णैला शिकलेलं चाललं. तुमचंही चालेल.

अंतिम परीक्षा

प्रमाणपत्र हवं असेल तर उत्तरपत्रिका पाळकसाहेबांकडे किंवा वडिलांकडे (म्हणजे मंडळीनं निवडलेल्या) देऊ नये. त्यांनी तुम्हांला फक्त रविवारी पाहिलं आहे. परीक्षक पुढीलप्रमाणे : तुमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी, बागेतला राखणदार, मिरकरवाड्याची ती मासेवाली, हाताखालचा शिपाई, थोरली सून आणि गडग्यापलीकडचा भाऊ. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा : हा माणूस कोणाची भक्ती करतो असं तुम्हांला वाटतं? उत्तर देताना परीक्षकाशेजारी उभं राहू नये, आणि चहापाण्याचं आमिष दाखवू नये. सहापैकी चार जणांनी तुमचं नाव ऐकून आधी हसू दाबलं, तर पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करावी.

निकाल हातात येईपर्यंत वडील म्हणून निवडणुकीला उभं राहू नये.